टपरीमागचा भाव
नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावात क्रिकेटचा सट्टा चालायचा तो पानटपरीमागे, एसटीडी बूथवर आणि सलूनच्या बाकावर. गावातला बुकी मोठ्या शहरातून फोनवर भाव घ्यायचा. पोरं एखाद्या संघावर ‘लावायची’ नाहीतर समोरच्याचं ‘खायची’. पावती नाही, सही नाही. वहीत नुसती टोपणनावं. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासूनचा, पण खरी धास्ती वडिलांची.

22 एप्रिल 1998 ची शारजातल्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याची रात्र या पोरांना फार छळून गेली. वाळूचं वादळ आलं, लक्ष्य 46 षटकांत 276 झालं, सचिनने 143 ठोकल्या. भारत 26 धावांनी हरला, तरी धावगतीवर अंतिम फेरीत पोचला. गाव आनंदात, आणि भारतावर पैसे लावलेला कॉलेजातला पोरगा परीक्षेची फी कुठून भरायची या घोरात. त्याच्यासाठी आजही जीव हळहळतो. त्या खेळीवर त्याचंही तितकंच प्रेम होतं.

एप्रिल 2000 मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि एका बुकीचं सामने ठरवण्याबद्दलचं संभाषण उघड केलं. मग टपरीवर जुने सामने नव्याने उकरले जाऊ लागले: कोणता रनआउट खरा आणि कोणता ठरवून झालेला?