साखळी-दुकानांतील चाकरी आणि आमचीं मुलें

गेल्या लग्नसराईंत आमच्या नात्यांतील एका मुलीसाठीं स्थळ पाहावयाचें होतें. वरपक्षाकडून जो माहितीचा कागद आला, त्यांत पहिल्याच ओळींत "नोकरी : नाशिक, मोठ्या कंपनींत" असें ठळक अक्षरांत होतें, आणि बारा एकर जमीन, विहीर व कांद्याच्या दोन चाळी यांचा उल्लेख मात्र अगदीं शेवटीं, जणूं कांहीं तें एखादें वैगुण्यच असावें, अशा संकोचानें केलेला होता. चौकशीअंतीं कळलें तें असें कीं, ही मोठी कंपनी म्हणजे किराणा, भाजी व कपडे एका छपराखालीं विकणारें एक साखळी-दुकान असून, मुलगा तेथें डाळी-तांदुळांच्या मांडणीपाशीं दिवसभर उभा असतो. आमच्या गांवांत या दुकानांस सरसकट "मॉल" म्हणतात. आणि मुलगा मॉलमध्यें लागला म्हणजे तो शेतींतून सुटला, अशी समजूत अलीकडे रूढ होऊं पाहत आहे. ती कितपत खरी आहे याचा विचार या मासिकाच्या वाचकांनीं करावा, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

वरील कुटुंबास नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. माझा सख्खा पुतण्याहि दोन वर्षें नाशकांत अशाच एका दुकानांत होता, आणि त्याला तेथें धाडण्यांत माझाच पुढाकार होता. ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत खुली झाली नाहीं, हें आपणांपैकीं कोणी विसरलें नसेल. त्या हंगामांत आमच्या कांद्यानें काढणीची मजुरीहि फेडली नाहीं. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला मुलगा घरीं रिकामा बसलेला. गिरणा धरण आमच्याच तालुक्यांत, परंतु त्याचें पाणी मुख्यतः खालच्या जळगांव जिल्ह्यास, आणि आम्ही आपले आभाळाकडे डोळे लावून बसणार. अशा स्थितींत नांदगांवच्या स्टेशनावर गाडींत बसावें आणि शंभर किलोमीटरांवरील नाशिकरोडास उतरावें, हाच मार्ग आम्हां दोघांस दिसला.

अशीं दुकानें कांहीं काल-परवांचीं नव्हेत. मुंबईस नायगांवच्या गिरणी-कामगारांनीं १९४८ सालीं सुरू केलेला अपना बाजार हा त्या जातीचा एक जुना प्रयत्न. पण तो सहकारी होता. खासगी भांडवलाच्या मोठ्या साखळ्या मागाहून आल्या : २००१ सालीं बिग बझार, २००२ सालीं पवईस डी-मार्टचें पहिलें दुकान, २००६ पासून रिलायन्सचीं दुकानें. यांपैकीं बिग बझारची हकीकत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शेंकडों दुकानें असलेली ती पेढी कर्जांत बुडाली. २०२२ च्या फेब्रुवारींत तिच्या पुष्कळ दुकानांच्या जागा रिलायन्सनें ताब्यांत घेतल्या, आणि दारांवरील पाट्या बदलल्या. तेव्हां "मोठी" म्हणजे "टिकाऊ" असें गृहीत धरणें बरोबर नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाविषयीं. पुतण्याची पाळी दर आठवड्यास बदले. दारांत यंत्रावर बोटाचा ठसा उमटवावयाचा, मोबाईल व पिशवी कपाटांत बंद करावयाची, खिशांत किती रोकड आहे तें वहींत लिहावयाचें, आणि मग कंपनीचा सदरा घालून उभें राहावयाचें. उभें राहणें हेंच मुख्य काम. मांडणींतील पुढची वस्तु गेली कीं मागची पुढें ओढावी. नवा माल मागें व जुना पुढें लावावा. मुदत संपत आलेलीं पाकिटें निवडून वेगळीं काढावीं. फरशीवर तेल सांडलें तर पुसावें. आणि या सर्वांत गिऱ्हाईक आलें कीं हांसतमुखानें बोलावें. पुढें त्याला गल्ल्यावर बसविलें. बसविलें हा शब्द चुकला, गल्ल्यावरहि उभेंच. तेथें एकेका वस्तूवरील पट्टी यंत्रानें वाचीत शेंकडों गिऱ्हाइकांचा हिशेब करावा लागे, आणि रात्रीं रोकड जुळली नाहीं तर तूट पगारांतून वळती होई. महिन्याचा पहिला आठवडा, रविवार आणि सण हे दुकानाचे सुगीचे दिवस. त्यामुळें दोन्हीं दिवाळ्यांत तो घरीं आला तो भाऊबीज उलटल्यावर. पाय सुजतात, हें त्यानें आईस सांगितलें होतें, मला नाहीं.

सुटतांना दारांतील पहारेकरी रोज अंगझडती घेई. पहिल्या महिन्यांत ती त्याच्या मनास फार लागली. "काका, आपल्या खळ्यावरून मजूर घरीं जातांना आपण कधीं त्याचे खिसे पाहिले का?" असें त्यानें मला विचारलें. मीं उत्तर दिलें नाहीं. कापूस-वेचणीच्या दिवसांत आम्ही बायकांच्या ओट्या पाहतों, हें त्यालाहि ठाऊक होतें.

पगार दरमहा १४,५०० रुपये सांगितला होता. त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, राज्य कामगार विमा व व्यवसायकर मिळून सुमारें साडेसतराशें वजा होत व हातीं पावणेतेरा हजार पडत. खोलीच्या भाड्याचा वाटा, खाणावळ व जाणें-येणें भागवून घरीं तीन-चार हजारांहून अधिक कधीं आले नाहींत. तथापि न्यायानें बोलावयाचें तर हे पैसे ठरल्या तारखेस येत. कांद्याचे पैसे असे कधींच येत नाहींत. निधींत जितकी रक्कम मुलाची तितकीच मालकाची पडते, विम्यामुळें दवाखान्याची सोय होते, आठवड्यास एक दिवस सुट्टी मिळते. शिवाय त्या सदऱ्याखालीं कोण कोणाचा, कोणत्या घरचा, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या तालुक्यांतील कित्येक मुलींस गांवाबाहेर प्रथम पाऊल टाकण्यास हीच जागा सोयीची वाटते, आणि त्यांच्या आई-बापांनीं ती नाकारूं नये असेंच माझें मत आहे.

माझी तक्रार कष्टांबद्दल नाहीं. कष्ट काय शेतींतहि आहेत. ती निराळीच आहे. चौदा महिने झाल्यावर एके दिवशीं सर्वांस मागच्या खोलींत बोलावून सांगण्यांत आलें कीं, उद्यांपासून ठेकेदार बदलला आहे, नव्या कागदांवर सह्या करा. तेव्हां कोठें माझ्या पुतण्यास कळलें कीं, ज्या कंपनीचा सदरा आपण घालतों तिचे आपण नोकरच नाहीं. मनुष्यबळ पुरविणाऱ्या एका ठेकेदाराचे नोकर आहों. पहिल्या दिवशीं सही केलेला कागद त्यानें वाचला नव्हता, आणि तो वाचून घे असें सांगण्याची बुद्धि मलाहि झाली नव्हती. नव्या ठेकेदारानें चाकरीची मोजणी पहिल्या दिवसापासून धरली. सांचलेली हक्काची रजा जुन्याबरोबर गेली. मांडणी तीच, वेळ तीच, वरचा अधिकारी तोच; केवळ कागदावरील नांव बदललें आणि चौदा महिने हिशेबांतून नाहींसे झाले. हा प्रकार त्या एकाच दुकानाचा आहे असेंहि नाहीं. डी-मार्ट चालविणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वार्षिक अहवालांत कायम नोकरांपेक्षां कंत्राटी नोकरांचा आंकडा कितीतरी मोठा आढळतो. कायद्यास ही पद्धत मान्य आहे. पण आई-बापांस ती ठाऊक नसते.

आपणांपैकीं ज्यांनीं सालदार ठेवले आहेत, त्यांस या व्यवहाराचें मर्म चटकन कळेल. गुढीपाडव्यास किंवा आखाजीस सालदाराशीं बोली होते : रोख इतकी, धान्य इतकें, उचल इतकी. कागद नसतो, पण आपला मालक कोण, याविषयीं त्याच्या मनांत तिळमात्र संशय नसतो, आणि त्याच्या घरीं आजारपण आलें कीं तो कोणाच्या दाराशीं येणार हें दोघांसहि ठाऊक असतें. माझ्या पुतण्याजवळ कागद होता, पण मालक नव्हता. अर्थात् हा दाखला देतांना माझीच मान खालीं जाते, हें कबूल केलें पाहिजे. सालदारास आठवड्याची सुट्टी, निधि, विमा यांपैकीं मीं कधींहि कांहीं दिलेलें नाहीं. आपला मुलगा दुसऱ्याच्या दाराशीं उभा राहीपर्यंत मला तें सुचलेंहि नाहीं.

कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों. महाराष्ट्राचा दुकानें व आस्थापनांविषयींचा २०१७ चा कायदा झाला तेव्हां तो दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांस लागू होता. त्यांत दिवसास नऊ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें वीस किंवा अधिक नोकरांच्या दुकानांत दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामास दुप्पट दरानें मोबदला मिळाला पाहिजे. ठेकेदारानें वेतन बुडविल्यास तें देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हा नियम १९७० च्या कंत्राटी कामगारांविषयींच्या कायद्यापासून चालत आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या नव्या कामगार संहितांप्रमाणें प्रत्येक कामगारास नेमणुकीचें पत्र देणें बंधनकारक आहे. बसण्याविषयीं तर केरळचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. तेथें कापडाच्या दुकानांतील स्त्रियांनीं दिवसभर उभें राहण्याविरुद्ध चळवळ केली. २०१८ सालीं त्या राज्यानें दुकानांतील नोकरांस बसावयास जागा देण्याची तरतूद केली, आणि २०२१ सालीं तामिळनाडूनें तेंच केलें. एका स्टुलासाठीं कायदा करावा लागावा, हें वाचून हंसूं येतें खरें. पण पाय सुजलेला मुलगा घरीं आला म्हणजे येत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. शेवटचे सहा महिने पुतण्या भाजीच्या विभागांत होता. मागील दारीं कांदा उतरे तेव्हां कोणती पाटी घेतली जाते, कोणती परत जाते, हें त्यानें रोज पाहिलें. जोड कांदा, डेंगळा, गोल्टी यांस तेथें थारा नाहीं. एकसारख्या मापाचा, सुकलेल्या मानेचा कांदा मात्र नित्य लागतो, आणि तो ठरल्या दिवशींच लागतो. आम्ही हाच माल सरमिसळ भरून बाजार समितींत नेतों व भाव पडला म्हणून व्यापाऱ्यास बोल लावतों. दोन वर्षांत मीं त्याला पगार किती झाला तेवढेंच विचारलें; तेथें माल कसा घेतात, हें एकदांहि विचारलें नाहीं. सध्यां तो घरीं आहे. यंदा चाळींत भरतांनाच त्यानें कांदा तीन प्रतींत वेगळा केला. शेजारी त्याला "नोकरी सुटलेला" म्हणतात.

आतां सूचना. जमिनीचें खरेदीखत करतांना सात-बारा, फेरफार व चतुःसीमा तपासल्यावांचून आपण अंगठाहि उठवीत नाहीं; मुलाच्या नेमणुकीच्या कागदाकडे मात्र ढुंकून पाहत नाहीं. तो कागद कोणाच्या सहीचा आहे, निधीचे पैसे खरोखर खात्यांत पडतात कीं नाहीं, पूर्वीची चाकरी धरली आहे कीं नाहीं, एवढें तरी कोणीतरी वाचून सांगावयास हवें. हें काम आपल्या मंडळास सहज करतां येईल. बाजाराच्या दिवशीं कार्यालयांत दोन तास एखादा जाणता सभासद बसला तरी पुरे. नोकरीच्या भरंवशावर बैल मोडणें, बांधाकडेची जमीन विकणें किंवा मुलीचें लग्न ठरविणें यापूर्वीं तरी लोक तेथें येऊन विचारतील.

या अर्थाचा ठराव येत्या वार्षिक सभेंत मांडण्याचा माझा विचार आहे. ज्यांच्या घरचीं मुलें अशा दुकानांत आहेत, त्यांनीं सभेस येतांना त्यांचें नेमणुकीचें पत्र व एका महिन्याचें पगारपत्रक बरोबर आणावें. माझ्या पुतण्याचीं दोन्हीं ठेकेदारांचीं पत्रें मी आणणार आहें.

— एक सभासद, नांदगांव