मोबाइलमधले घर आणि आपांचा कागद

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या थोरल्या आपा जिंतूरहून बोरीला आल्या. इशाची नमाज झाली, जेवणे झाली आणि आपांनी मोबाइल आमच्यासमोर धरला. "ये देख, घर."

दुल्हेभाईंच्या इंतकालाला चार वर्षे झाली. भाची यंदा बारावीला. पुढच्या शिक्षणासाठी तिला परभणीला ठेवायचे, तर भाडे भरत बसण्यापेक्षा दोन खोल्यांचे का होईना, स्वतःचे घर असावे, असे आपांच्या मनात होते. अब्बांच्या शेतातला त्यांचा वाटा आम्ही भावंडांनी पैशाच्या रूपाने त्यांना दिला होता. दुल्हेभाईंच्या फंडातले थोडे शिल्लक होते. सगळे मिळून 19 ते 20 लाख. एका बेवा बाईची आयुष्यभराची पुंजी तेवढीच.

आम्ही गंमत म्हणून ॲपच्या चौकटीत 'बोरी' असे टाकले. ॲपने लगेच बोरीवलीचे फ्लॅट दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच घराची किंमत एक कोटीच्या पुढे! अम्मी म्हणाल्या, "एवढ्या पैशात तर आपली अख्खी गल्ली येईल." सगळे हसलो. पण खरी गोष्ट तीच आहे. आमच्या बोरीत घर विकायचे असेल, तर ते चहाच्या टपरीवर कळते, जुम्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या दारात कळते. घर कोणाचे, कर्ज किती, भाऊबंदकीचा वाद आहे का, हे सगळे सांगणाऱ्याला माहीत असते. गावाबाहेर पाऊल टाकले की ही माहिती संपते. तिथे मोबाइलचे काम सुरू होते.

ॲप काय देते?

घरे दाखवण्याचा हा धंदा आपल्या देशात आता वीस वर्षांचा झाला. 99 एकर्स 2005 साली आले, मॅजिकब्रिक्स 2006 साली. हाउसिंग हे 2012 साली मुंबईत आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले, तर दलाल नको म्हणणारे नोब्रोकर 2014 साली बंगळुरूहून निघाले. शिवाय फेसबुक आणि व्हॉट्सॲपचे गट आहेतच.

या ॲपचा फायदा नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपांसारख्या बाईला पूर्वी दलालाच्या मोटारसायकलमागे कोणाला तरी पाठवावे लागले असते. आता त्या घरबसल्या दहा घरे पाहतात, किमती ताडून बघतात, नकाशावर कॉलेज किती लांब ते मोजतात. भाव ठाऊक असलेल्या माणसाला फसवणे थोडे अवघड जाते.

पण ॲप दाखवते ते घर विकणाऱ्याने दाखवायला दिलेले असते. फोटो त्याचे, मोजमाप त्याचे, 'स्टेशनपासून पाच मिनिटे' हेही त्याचेच. ॲप म्हणजे बाजारातला फळा. फळ्यावर कोणी काय लिहिले, याची हमी फळा देत नाही.

नाव सांगितल्यावर

आपांनी आठ ठिकाणी फोन केले. तीन ठिकाणी सगळे बोलणे छान झाले, आणि नाव सांगितल्यावर "ते घर कालच गेले" असे उत्तर आले. घर मात्र ॲपवर महिनाभर तसेच होते. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्यांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसले होते की, नाव दलित किंवा मुस्लिम असेल तर नकार वाढतो.

याचा आम्ही इथे राग काढत बसत नाही. याचा परिणाम काय होतो तेवढे पाहा. चार दारे बंद झाली की माणूस पाचव्या दारात घाईने शिरतो. तिथे नाव विचारत नाहीत, किंमत कमी असते, आणि कागदही कमी असतात. आपल्या कित्येक वस्त्या अशाच शंभर रुपयांच्या बॉन्डवर उभ्या राहिल्या आहेत.

साडेसतरा लाखांचे घर

आपांना पसंत पडलेले घर असेच होते. परभणी शहराच्या एका टोकाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणात लिंबाचे झाड. किंमत साडेसतरा लाख. तशाच इतर घरांपेक्षा पाच-सहा लाखांनी स्वस्त. मोहल्ला आपला, मशीद जवळ. आम्ही एसटीने जाऊन घर पाहून आलो. घरात खोट नव्हती.

संध्याकाळी दलालाचा फोन आला. "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. रात्री नऊपर्यंत 51,000 टोकन मोबाइलवरून पाठवा, मग घर तुमचे." आपांचे बोट बटणावर होते. आम्ही म्हणालो, "आपा, आधी कागद मागवू." त्या थोड्या रागावल्या. पण थांबल्या.

कागद व्हॉट्सॲपवर आले. एक नोटरी केलेला बॉन्ड, कराची पावती, विजेचे बिल. आणि एक जुना पिवळा कागद, उर्दूतला. दलालाने सोबत बोलून पाठवले होते, "हा निजामाच्या काळातला पक्का कागद आहे, याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही."

तो कागद आमच्याआधी कितीतरी गिऱ्हाइकांनी पाहिला असेल. वाचला कोणी नसेल. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून शब्द शब्द लावला. तो होता मुंतखब, म्हणजे हैदराबाद संस्थानात इनाम जमिनीची चौकशी झाल्यावर निघालेल्या निर्णयाचा उतारा. त्यात जमिनीचा प्रकार लिहिला होता, 'मशरूत-उल-खिदमत'. अर्थ असा की, ही जमीन एका मशिदीच्या सेवेच्या अटीवर दिलेली आहे. सेवा करणाऱ्याने पीक खावे, दिवाबत्ती करावी, पण जमीन त्याच्या मालकीची नाही. विकता येत नाही. अशी जमीन वक्फची असते.

ज्या कागदाच्या जोरावर घर विकले जात होते, तोच कागद सांगत होता की हे विकताच येत नाही.

मग आम्ही महाभूमीच्या संकेतस्थळावरून त्या गटाचा सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. 'इतर अधिकार' या रकान्यात इनामाची नोंद होतीच.

दलाल म्हणाला, "इथे दोनशे घरं आहेत. कोणाचं काय झालं आजपर्यंत?" त्याचे खरे होते. आणि त्या दोनशे घरांत राहणारे चोर नाहीत. तेही आपांसारखेच पुंजी घेऊन आलेले, घाईत शिरलेले लोक आहेत. पण उद्या कोर्टाची नोटीस आली तर दलाल सापडणार नाही, आणि लेकीला घेऊन रस्त्यावर उभी राहील ती घरमालकीण. शिवाय अल्लाहच्या नावाने दिलेल्या जमिनीचा सौदा करणे आपल्याला शोभत नाही, हे आपांनीच आम्हाला सांगितले. त्या रात्री त्यांनी जेवण केले नाही. लिंबाचे झाड त्यांना फार आवडले होते.

मग पाहायचे काय?

घर ॲपवर शोधा, पण पैसे देण्याआधी एवढे करा:

1. मालकीचा उतारा स्वतः काढा. शेतजमिनीवर किंवा अकृषक झालेल्या जमिनीवर घर असेल तर सातबारा, सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर भागवू नका. कराची पावती आणि विजेचे बिल हे मालकीचे पुरावे नव्हेत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हाही कर आकारणीचा उतारा आहे.

2. 'इतर अधिकार' हा रकाना आधी वाचा. बँकेचा बोजा, इनाम, वक्फ, कूळ, कोर्टाची मनाई, सगळे तिथे सापडते. 'भोगवटादार वर्ग 2' असे दिसले तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, हे लक्षात ठेवा. आपल्या मराठवाड्यात इनाम जमिनी पुष्कळ आहेत. शंका असेल तर वक्फ मंडळाकडे चौकशी करा. जुना उर्दू कागद असेल तर वाचू शकणाऱ्याकडून वाचून घ्या.

3. बॉन्डवर घर मिळत नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच विकत घेता येते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. केवळ मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. गुंठेवारीतले घर असेल तर 2001 च्या कायद्याखाली ते नियमित झाल्याचा कागद मागा.

4. आधीचे व्यवहार पाहा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 पाहता येते. एकच घर दोघांना विकले का, ते तिथे कळते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही.

5. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन करा, प्रकल्पाची माहिती समोर येते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागू शकत नाही.

6. घर न पाहता टोकन नाही. "मी लष्करात आहे, बदली झाली, थोडे पैसे पाठवा, चावी कुरियरने येईल" असे सांगणारे भामटे ॲपवर फिरतात. पैसे घेण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा.

ॲपवर प्रत्येक घराखाली ईएमआयचा आकडाही लिहिलेला असतो. व्याजाचे कर्ज घ्यावे की नाही, हा प्रत्येक घराचा आपापला विचार आहे, आलिमांना विचारून करावा. पण नातेवाइकाकडून कर्जे-हसना घेतले तरी लिहून घ्या, साक्षीदार ठेवा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत आहे. "घरातल्या घरात कसला कागद?" असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे.

दस्तावर नाव कोणाचे?

फेब्रुवारीत आपांना दुसरे घर सापडले. तेही ॲपवरच. थोडे लहान, अंगण नाही, झाड नाही. किंमत 19 लाख. मिळकत पत्रिका विकणाऱ्याच्या नावावर, मागचे खरेदीखत नोंदणीकृत, बोजा नाही. शेजारची खाला पहिल्या दिवशीच पाणी घेऊन आली आणि गल्लीत पाणी किती दिवसांनी येते तेही सांगून गेली. ही माहिती कुठल्या ॲपवर नव्हती.

दस्त लिहिताना एकाने सुचवले, "सोबत भावाचे नाव घाला. बाईमाणसाला कचेरीचे हेलपाटे कशाला?" सगळ्यांनी माना हलवल्या. आम्हीही गप्प राहिलो, हे कबूल करतो. आपा म्हणाल्या, "पैसे माझे, नाव माझे."

मग लिहिणाऱ्यानेच सांगितले की, 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात राहत्या घराची खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. असे घर 15 वर्षे पुरुषाला विकायचे नाही ही अटही 2023 मध्ये काढून टाकली आहे. 19 लाखांवर 19,000 रुपये वाचले. भावाचे नाव घातले असते तर ते गेले असते. शरीअतने बाईला तिचा वाटा दिला, तिच्या मालावर तिचा हक्क ठेवला. आपण मात्र तो वाटा देऊन पुन्हा कागदावर भावाचे नाव लिहायला निघालो होतो.

नोंदणी कचेरीत आपांनी कॅमेऱ्याकडे पाहिले, अंगठा दिला, सही केली. बाहेर आल्यावर खरेदीखत ओढणीत धरून त्या म्हणाल्या, "वाचून दाखव, पूर्ण." आम्ही पायरीवर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. चतुःसीमेशी आलो तेव्हा त्यांनी थांबवले. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला रस्ता किती फुटांचा, ते परत एकदा ऐकले.

ते पहिले घर अजून ॲपवर आहे. फोटो नवे टाकले आहेत, किंमत एक लाखाने उतरली आहे. त्या फोटोंत लिंबाचे झाड फार सुंदर दिसते. तुमच्यापैकी कोणाला ते आवडले, तर आधी कागद वाचून घ्या. उर्दू येत नसेल तर मोहल्ल्यात एखादे उर्दू जाणणारे बुजुर्ग असतीलच, नाहीतर जवळच्या उर्दू शाळेत जा. मधल्या सुट्टीत कोणीही वाचून देईल.