शॉर्टफिल्मला गाणं दिलंत? मग कागदही करा

'पैसे नाहीत, पण क्रेडिट देतो' हे वाक्य स्वतंत्र संगीतकारांना पाठ झालं आहे. फिल्म करणारेही पदरमोडच करतात, त्यामुळे मैत्रीत गाणं फुकट द्यायला हरकत नाही. हरकत आहे ती तोंडी व्यवहाराला. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे फिल्म परदेशी महोत्सवात निवडली गेली की पंचाईत दिग्दर्शकाचीच! शिवाय गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदलेलं असेल, तर परवानगी असूनही मित्राच्याच फिल्मवर क्लेम येतो. तो संगीतकारानं डिस्ट्रिब्युटरला सांगून काढून घ्यावा लागतो. कुठली फिल्म, किती वर्षं, कुठे दाखवणार, कमाई झाली तर वाटा किती, एवढं एका पानावर मावतं. शूटिंगआधीच सह्या घ्या.