मखर डिकीत, ओझं टपावर आणि पाना हाताशी

गणपती जवळ आले की बंगळूरुच्या मराठी घरांत दोन कामं एकदम निघतात. एक मखराचं, दुसरं गाडीचं. बेळगाव इथून साधारण ५०० किलोमीटर, कोल्हापूर ६२०, पुणे ८४०. रेल्वेचं आरक्षण कधीच संपलेलं असतं आणि सणाला बसचे दर कसे उडतात ते सांगायला नकोच. मग आजी-आजोबा, मुलं, पूजेचं सामान, पिशव्या आणि घरी बनवलेलं मखर हे सगळं एकाच गाडीत बसवून पहाटे पीण्याच्या पुलावरून तुमकुरु रस्त्याला लागायचं.

दोन्ही कामांची तयारी यावेळी एकत्रच बघू, कारण हत्यारं बरीचशी तीच लागतात. फक्त एक अट आधीच सांगतो. जी वस्तू घरी एकदाही वापरून पाहिलेली नाही, ती हायवेवर उपयोगी पडेल असं धरून चालू नका. ऑनलाइन मागवलेला बत्तीस वस्तूंचा संच डिकीत सीलबंद पडून असतो आणि रात्री अकराला, पावसात, मोबाइलच्या उजेडात त्याची पिशवी पहिल्यांदा फोडली जाते. त्या क्षणी तो संच नसल्यातच जमा.

पीण्यात काय घ्यायचं

यशवंतपूरकडून मेट्रोने येताना उजव्या-डाव्या बाजूला शेडची छपरं सुरू झाली की पीण्या आलं. एचएमटीचा यंत्रांचा कारखाना १९५३ पासून शेजारच्या जालहळ्ळीत होता. पीण्याची वसाहत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढत गेली. आज लेथ, लेझर कटिंग, पावडर कोटिंग, स्प्रिंग, रबराचे भाग अशी हजारो छोटी युनिट्स तिथे आहेत. घरगुती माणसाने तिथे जायला बिचकायचं कारण नाही. मोठ्या कारखान्याच्या गेटवर तुमचं काम नाही, पण नट-बोल्ट आणि हत्यारांच्या दुकानांत दहा नग मागितले तरी मिळतात. दुकानदार ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ विचारतो, तेव्हा बोटं दाखवली तरी चालतं. मात्र जुना नट किंवा बोल्ट नमुन्याला घेऊन जा. ‘एवढा जाड’ हे माप कुठल्याच भाषेत कळत नाही.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायला शिका. ८.८ असा छाप असेल तर पहिल्या आकड्याला शंभराने गुणायचं. ८०० न्यूटन दर चौरस मिलिमीटर एवढ्या ताणाला तो तुटतो. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या आठ दशांश, म्हणजे ६४० वर तो कायमचा लांबायला लागतो. डोकं कोरं असेल तर तो मऊ, साधा बोल्ट समजा. मखराला तो पुरतो, टपावरच्या कॅरियरला नाही. कॅरियरचे बोल्ट ८.८ चेच हवेत आणि त्यांना आत नायलॉनची कडी असलेले नट लावा, म्हणजे रस्त्याच्या थरथरीने ते सैल होत नाहीत. ‘स्टेनलेस घ्या, गंजत नाही’ असं दुकानात हमखास सांगतात. गंज कमी धरतो हे खरं. पण स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा आवळला तर आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग तो ना पुढे जातो ना मागे. थोडं ग्रीस लावायचं.

मखर असं करा की डिकीत मावेल

महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून सुट्या भागांची, दरवर्षी वापरता येणारी मखरं घरोघरी दिसतात. चौकोनी पाइपची चौकट सगळ्यात टिकाऊ. तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, दोन फूट खोल अशी चौकट धरली तर बाराही कडा मिळून तीस फूट पाइप लागतो. २५ मिलिमीटरचा, १.२ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप घेतला तर वजन आठ किलोंच्या आसपास जातं. त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर तीन किलोंच्या आत. पैसे थोडे जास्त पडतात, पण गाडीत पाच माणसं असताना हा फरक जाणवतो. कोपरे वेल्डिंग करून घेऊ नका. ६ मिलिमीटरचे बोल्ट आणि कानांचे विंग नट लावा. गावी पोचल्यावर पाना न शोधता हाताने जोडता येतं आणि ते काम मुलांना देता येतं. प्रत्येक जोडावर मार्करने आकडा घाला. हे न केलेलं मखर चतुर्थीच्या सकाळी कसं छळतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

मागची पाटी, म्हणजे प्लायवूड किंवा एमडीएफचं पडद्यामागचं पान, हीच खरी अडचण. अखंड पाटी डिकीत मावत नाही म्हणून ती टपावर आडवी बांधतात, आणि तीच टपावर ठेवायची सगळ्यात वाईट वस्तू. ताशी १०० किलोमीटरला समोरचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ४५ किलोंच्या ओझ्याइतका दाब देतो. ८० ला तो ३० किलोंवर येतो. पाटीची पुढची कड बोटभर उचलली गेली की तिचं शीड होतं. हिरियूरच्या पुढे तर बाजूचा वाराही लागतो. चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तेव्हा पाटी मधोमध कापा, बिजागरी लावा आणि घडी करून आत ठेवा. टपावर जायचे ते कपड्यांच्या पिशव्यांनी, ताडपत्रीत गुंडाळून.

टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच लहान गाड्यांत ते ५० ते ७५ किलो असतं आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं. बांधायला नायलॉनची दोरी नको. ओली झाली की ती ताणते, आणि आपण निघतो ते पावसातच. पॉलिएस्टरचा, खटक्याने आवळायचा रॅचेट पट्टा घ्या. ज्याच्यावर किती भार झेपतो याची चिठ्ठी शिवलेली नाही असा पट्टा घेऊ नका. बांधताना पट्ट्याला एक पीळ दिला तर वाऱ्यात तो भुणभुणत नाही. खटका उघडायचा कसा, हे घरी दोनदा करून बघा. आवळता सगळ्यांना येतो, सोडवताना घोळ होतो. नेलमंगल ओलांडल्यावर चहाला थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा आवळा, कारण पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये पिशव्या दबतात.

पार्किंगमधली रंगीत तालीम

आता मुख्य काम. निघायच्या आधीच्या रविवारी, आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये, सपाट जागी एक चाक काढून परत बसवा. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. वहिनी, मुलगी, कॉलेजातला भाचा, सगळ्यांनी.

पहिली गंमत तिथेच कळते, नट सुटतच नाहीत. टायरवाल्याने ते हवेच्या मशीनने आवळलेले असतात आणि गाडीबरोबर मिळालेला आखूड एल पाना त्यापुढे खेळणं ठरतो. माणसं मग त्याच्यावर उभी राहतात, तो सटकतो, नडगी फुटते. पीण्यात अर्ध्या इंची चौकोनाचा लांब दांडा आणि आपल्या नटाचा सॉकेट घ्या. सॉकेट बहुधा १७, १९ किंवा २१ मिलिमीटरचा असतो, पण आपला कुठला ते गाडीवर लावून बघूनच ठरवा. अलॉय व्हीलला चोरीविरोधी नट असेल तर त्याची किल्ली कुठे आहे हेही त्याच दिवशी शोधा.

हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आतले सगळे बाहेर. तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर. हा तुकडा शेल्फच्या कामातून उरलेला असतोच, फेकू नका. १८ मिलिमीटर प्लायचा फूटभर चौकोनही ठेवून द्या, जॅकखाली घालायला. पावसाने भिजलेल्या साइडपट्टीत जॅक नुसता ठेवला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा वळसा सैल करायचे, मग गाडी उचलायची. उचलण्याची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. दुसरीकडे जॅक लावला तर पत्रा चेपतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, निसटलेला नट घ्यायलासुद्धा नाही.

परत बसवताना नट समोरासमोर, एकाआड एक आवळायचे. शेवटचा आवळा चाक खाली टेकल्यावर. किती घट्ट, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लहान मोटारींत तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अर्ध्या मीटर दांड्याच्या टोकाला वीस किलोंची तांदळाची गोणी टांगली की जेवढा जोर पडतो, तेवढा. घरी टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर हा अंदाज हाताला एकदा कळू द्या. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा.

स्टेपनीत हवा आहे का, हे याच तालमीत दिसतं. काही गाड्यांत स्टेपनी बारीक असते आणि तिच्यावर ८० चीच मर्यादा लिहिलेली असते. काहींत स्टेपनीच नसते, नुसतं पंक्चरचं साहित्य. आपल्या गाडीत काय आहे हे माहीत नसलेले चालक किती असतील याचा अंदाज न केलेला बरा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. स्टेपनीचेही वाचा, ती अनेकदा बाकीच्या चारपेक्षा बरीच म्हातारी निघते. हवा भरायचा पंप घेतला असेल तर तो त्याच दिवशी गाडीच्या सॉकेटला लावून चालवा. फ्यूज उडायचाच असेल तर पार्किंगमध्ये उडू दे.

वरवर धड दिसणारी गोष्ट आतून तपासावी लागते, याचं उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. पीण्याचा उड्डाणपूल डिसेंबर २०२१ मध्ये एकाएकी बंद करावा लागला, कारण काँक्रीटच्या आतल्या पोलादी केबल खराब झाल्या होत्या. हलक्या वाहनांना तो फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडला. जड वाहनांना २०२४ पर्यंत थांबावं लागलं.

साइडपट्टीवर

तालीम झाली तरी हायवेवर चाक बदलायलाच हवं असं नाही. २१ डिसेंबर २०२४ रोजी याच रस्त्यावर, नेलमंगलजवळ, दुभाजक ओलांडून आलेला कंटेनर ट्रक एका मोटारीवर उलटला आणि गावाकडे निघालेल्या एका कुटुंबातले सहा जण गेले. गाडी मजबूत होती. अशा वेळी कुठलंही साहित्य कामी येत नाही, आणि ते येईल असं कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. आपल्या हातात आहे ते एवढंच, की अशा रस्त्याच्या कडेला जितका कमी वेळ काढता येईल तितका कमी काढायचा. हळूहळू पुढे जाऊन पेट्रोल पंप किंवा टोलनाका गाठता येत असेल तर टायर फाटला तरी चालेल, गाठा.

थांबावंच लागलं तर आधी माणसं उतरवा, रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने, आणि लोखंडी कठड्यापलीकडे उभी करा. मुलांना गाडीत बसवून ठेवू नका, पाऊस असला तरी. म्हणून छत्र्या डिकीत तळाशी नकोत. मग लाल त्रिकोण. शंभरच्या वेगाची गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, म्हणजे ५० मीटरवर ठेवलेला त्रिकोण तिला दोन सेकंदही देत नाही. तो १०० मीटर मागे हवा. सुमारे १४० पावलं, कठड्याच्या पलीकडून चालत, त्रिकोण अंगासमोर धरून. तो उघडतो कसा हेही घरीच बघा, त्याचे पाय वाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, जखमी असेल तर ११२. जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगितला तर मदत लवकर सापडते.

हत्यारांची पेटी डिकीत तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, बांधून ठेवा. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली पाच किलोंची पेटी ५० च्या वेगाला धडक बसली तर तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखी पुढे येते, आणि तिच्या वाटेत आजीचं डोकं असतं. त्या आजीचा पट्टाही लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते. मागचा पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, दंड हजार रुपये. तरी लग्नाच्या शालूची घडी मोडते म्हणून तो न लावणारी मंडळी आपल्याच घरात असतात.

पेटीत टेस्टर आणि इन्सुलेशन टेप राहू द्या. गावच्या जुन्या घरात अर्थिंगची खात्री नसते, आणि मखराजवळ पाणी-दूर्वा-ओले हात असतात. तिथे १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवरच्या एलईडी पट्ट्याच लावा आणि अ‍ॅडॅप्टर लांब, कोरड्या जागी ठेवा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते.

पीण्यातली बरीच दुकानं रविवारी बंद असतात. तेव्हा खरेदी शनिवारी सकाळी आणि तालीम रविवारी, असं जमवा. शनिवारी जाताना खिशात चाकाचा एक नट, कॅरियरचा एक बोल्ट आणि मखराच्या पाइपचा बोटभर तुकडा ठेवा. चाकाचा नट सॉकेट घेतल्या घेतल्या घरी येऊन परत लावा आणि तोवर ती गाडी हलवू नका. पीण्याला मेट्रोने जा.