विश्लेषण : समुद्र नसलेल्या सोलापुरात नौदलाच्या हवाई शाखेची संघटना कशासाठी?

सोलापूर जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. तरीही इथली मुले नौदलात जातात आणि सेवा संपवून गावी परततात. त्यांपैकी काहींची सेवा जहाजापेक्षा विमानाजवळच जास्त गेलेली असते, म्हणजे गोव्याच्या दाबोळी तळावर, कोचीत, विशाखापट्टणमला किंवा मुंबईच्या कुलाब्यातील हेलिकॉप्टर तळावर. हे लोक नौदलाच्या हवाई शाखेचे. निवृत्तीनंतर ते विखुरतात. बैठका बंद पडलेल्या, हिशेब रखडलेले आणि पदाधिकारी थकलेले अशी अवस्था अनेक माजी सैनिक संघटनांची होते. अशी सदस्य-संघटना पुन्हा उभी करायची तर काय करावे लागेल आणि मुळात ती का हवी?

नौदलाची हवाई शाखा म्हणजे काय?

हवाई दल वेगळे आणि नौदलाची हवाई शाखा वेगळी. ११ मे १९५३ रोजी कोचीच्या आयएनएस गरुडा तळावरून या शाखेची सुरुवात झाली. १९६१ मध्ये विमानवाहू युद्धनौका आयएनएस विक्रांत ताफ्यात आली. गोवा मुक्तीनंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा तळ तिथे हलला. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. त्या वेळी विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि तिचा वेग कमी झाला होता. तरीही विमाने उडत राहिली, त्यात डेकवरच्या आणि डेकखालच्या कामगिरीचाही मोठा वाटा होता.

लोकांना वैमानिक आठवतो. पण एका विमानामागे इंजिन, विद्युत यंत्रणा, शस्त्रे, इंधन आणि डेकवरची हाताळणी सांभाळणारे अनेक नौसैनिक असतात. त्यांच्या कामाची नोंद पुस्तकांत क्वचितच येते. ती त्यांच्या स्मरणातच असते. १९७१ मध्ये २० वर्षांचा असलेला नौसैनिक आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. त्यामुळे हा विषय पुढे ढकलण्यासारखा नाही.

संघटना नसली तर काय बिघडते?

महाराष्ट्राने हे दोनदा पाहिले आहे. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत तिच्यावर संग्रहालय चालले. २०१२ मध्ये ते सुरक्षेच्या कारणाने बंद झाले. न्यायालयात धाव घेऊनही २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेलेली ही नौका मुंबईतच तोडली गेली. दुसरी विमानवाहू नौका विराट २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या आराखड्याला राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरीही दिली. प्रत्यक्षात २०२० मध्ये ३८ कोटी ५४ लाख रुपयांना तिची विक्री झाली आणि ती गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर गेली.

एखादी सदस्य-संघटना इतका खर्च उचलू शकली असती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण हजारो सदस्यांची, चोख हिशेबाची आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी संस्था सरकारला टाळता येत नाही. विक्रांतच्या वेळी भावना भरपूर होती. निर्णयाच्या टेबलावर कायम बसणारा वारसदार मात्र नव्हता. याउलट विशाखापट्टणममध्ये निवृत्त पाणबुडी कुरसुरा आणि सागरी टेहळणीचे टीयू-१४२ विमान दोन्ही जपले गेले, कारण तिथल्या नागरी विकास प्राधिकरणाने जबाबदारी घेतली. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर ही विमाने पाहता येतात. यंत्रे तिथे आहेत. ती चालवणाऱ्यांच्या आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम मात्र संघटनाच करू शकते.

आठवणींपलीकडे रोजचा उपयोग काय?

नौसैनिकाला १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे अनेकजण पस्तिशी-चाळिशीतच घरी परततात. पुढची ४० वर्षे नोकरी, मुलांचे शिक्षण, दवाखाना आणि कागदपत्रे यांत जातात. निवृत्तिवेतनाचे काम आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आले आहे. हयातीचा दाखला, आधार जोडणी, नावातील एका अक्षराची दुरुस्ती अशा गोष्टींवर पैसे अडकतात. आरोग्यासाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. २०२० पासून राज्यात माजी सैनिक व सैनिक विधवांना मालमत्ता करात सूट देणारी योजनाही आहे. पण माहिती घरापर्यंत पोहोचत नाही.

सर्वांत जास्त अडचण पत्नीची होते. माजी सैनिक गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोणता कागद कुठे द्यायचा, हे करमाळ्यातील किंवा सांगोल्यातील खेड्यातल्या बाईला कोण सांगणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. पण ते तिन्ही दलांसाठी असते. नौदलाचे नियम आणि मुंबईतील नौदल कार्यालयांशी होणारा पत्रव्यवहार माहीत असलेला माणूस शेजारच्या तालुक्यात असेल, तर काम लवकर मार्गी लागते. संघटनेचा खरा कस इथेच लागतो.

बंद पडलेली संस्था कायद्याने पुन्हा कशी उभी राहते?

महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यामुळे पहिली पायरी धर्मादाय कार्यालयाची. तिथून परिशिष्ट १ चा उतारा आणि संस्थेची घटना व नियमावली यांची प्रत घ्यावी. कागदावर आज विश्वस्त कोण आहेत, ते त्यातून कळते. बहुतेक वाद इथेच सुरू होतात. निवडणुका झालेल्या असतात, पण बदल अर्ज, म्हणजे लोकांच्या बोलीतला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल केलेला नसतो. कायद्यानुसार तो ९० दिवसांत द्यावा लागतो. तो मंजूर नसेल तर नवी समिती कागदावर अस्तित्वातच नसते आणि बँक सह्या बदलून देत नाही.

दुसरी पायरी हिशेबाची. ३१ मार्चला वर्ष बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करणे बंधनकारक आहे. राहिलेली सर्व वर्षे आधी पूर्ण करावीत. तिसरी पायरी सदस्य यादीची. त्यानंतर नियमावलीत सांगितलेल्या मुदतीची नोटीस देऊन सर्वसाधारण सभा, निवडणूक आणि लगेच बदल अर्ज. कागदावरचे सगळेच विश्वस्त हयात नसतील, तर हितसंबंधित व्यक्तीला कलम ४७ खाली नव्या विश्वस्तांच्या नेमणुकीसाठी अर्ज करता येतो. जुने सोडून नवी संस्था काढणे सोपे वाटते, पण त्यात जुनी जागा, ठेवी आणि नाव अडकून पडतात.

सदस्य कोणाला करायचे?

केवळ सोलापुरातील नौदल हवाई शाखेच्या माजी सैनिकांवर स्वतंत्र संस्था चालवणे अवघड आहे. संख्या पुरणार नाही. त्यापेक्षा सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा अशा जिल्ह्यांचे गट करून ते मुंबई आणि गोव्याशी जोडलेले बरे. अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ नेव्हल एव्हिएशन या संस्थेने असाच मार्ग घेतला. तिच्या स्थानिक शाखांना ‘स्क्वॉड्रन’ म्हणतात आणि नौदल विमानसेवेला पाठिंबा देणारे सामान्य नागरिकही तिचे सदस्य होऊ शकतात.

आपल्याकडे माजी नौसैनिक आणि त्यांच्या पत्नी यांना मताधिकारासह पूर्ण सदस्यत्व द्यावे. मुले, शिक्षक, अभियंते, एनसीसीचे माजी छात्र यांना सहयोगी सदस्य करावे. कामात सगळे असावेत, पण संस्थेचा ताबा माजी सैनिकांकडेच राहावा.

एक प्रश्न मात्र लगेच सोडवावा लागेल. २०२२ च्या अखेरीस आयएनएस चिल्का येथे दाखल झालेल्या नौदलाच्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस संपतात. त्यांतील जास्तीत जास्त एक चतुर्थांश कायम होतील. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सरकारी व्याख्येत ते बसत नाहीत म्हणून संघटनेनेही दार लावायचे का? आमच्या मते त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले पाहिजे. चोविशी-पंचविशीतला, मोबाइल सहज हाताळणारा सदस्य संघटनेलाही हवाच आहे.

पैसा आणि विश्वास कसा टिकवायचा?

आजीव सदस्यत्वाने अनेक संस्था बुडाल्या. वर्गणी एकदाच येते, खर्च होऊन जाते आणि सदस्य हयात आहे की नाही हेही पुढे कळत नाही. यावर एक साधा उपाय आहे. बहुतेक निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. त्याच महिन्यात प्रत्येक तालुक्यात संघटनेने मदत केंद्र लावावे आणि तिथेच छोटी वार्षिक वर्गणी घेऊन यादी ताजी करावी. सदस्याला दाखला मिळेल आणि संस्थेला वर्गणी, मोबाइल क्रमांक व वारसाचे नाव. ही माहिती व्हॉट्सॲप गटात मात्र फिरता कामा नये.

प्रतिष्ठा गमावायला वेळ लागत नाही. अमेरिकेतील टेलहुक असोसिएशन ही नौदल वैमानिकांची वजनदार संस्था. १९९१ च्या तिच्या लास व्हेगासमधील अधिवेशनात महिलांवर लैंगिक अत्याचार झाले. प्रकरण दडपण्याच्या आरोपांत नौदलमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि नौदलाने जवळपास आठ वर्षे त्या संस्थेशी संबंध तोडले. आपल्या नौदलात २०१९ मध्ये पहिली महिला वैमानिक दाखल झाली. पुढच्या काळात महिला माजी सैनिकांची संख्या वाढणार आहे. समितीत त्यांना आणि वीरपत्नींना जागा राखून ठेवणे, तक्रारीसाठी वेगळी व्यवस्था करणे ही कामे घटना दुरुस्त करतानाच झाली पाहिजेत.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्या वर्षासाठी तीन कामे पुरेशी आहेत : कागद नियमित करणे, नोव्हेंबरातील मदत केंद्र आणि १९७१ च्या पिढीचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण. मुद्रणात गोपनीयतेचे भान ठेवावे, तारीख आणि ठिकाण नोंदवावे आणि कुटुंबाची संमती घ्यावी. जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान जाते. शाळांची एखादी सहल दाबोळीच्या संग्रहालयापर्यंत नेणे आता पूर्वीइतके अवघड नाही. तिथे मुलांसोबत त्या विमानावर काम केलेले गावातलेच आजोबा असतील, तर सहलीला वेगळाच अर्थ येईल.

२०२२ मध्ये नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. तिच्यावर काम करणारे नौसैनिकही एक दिवस बार्शी, मंगळवेढा, अकलूजला परततील. त्यांच्या हाती चालू स्थितीतील संस्था द्यायची की कुलूपबंद कार्यालयाची किल्ली, हे आजच्या माजी सैनिकांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या नागरिकांनी ठरवायचे आहे.