पाव टक्का महागाई आणि भंवरकुआची खोली

गेल्या नोव्हेंबरात ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा आकडा जाहीर झाला: 0.25 टक्के. म्हणजे पाव टक्का. 2012 हे पायाभूत वर्ष धरून चाललेल्या मालिकेतला हा सगळ्यांत कमी आकडा होता. त्याच महिन्यात भंवरकुआच्या एका गल्लीत घरमालकाने खोलीचं भाडं साडेचार हजारांवरून पाच हजार केलं आणि खाली राहणाऱ्या मेसवाल्या काकूंनी महिन्याचे दोनशे वाढवले. त्या खोलीत राहणाऱ्या मुलीने मला सरळ विचारलं, "दादा, हे पाव टक्का नक्की कुणाचं?"

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भंवरकुआ म्हणजे आमच्याकडचा क्लासेसचा बाजार. राज्यसेवा, बँक, शिक्षक भरती, सगळ्यांची तयारी इथे होते. देवास, धार, खरगोन, बुऱ्हाणपूर, कुठून कुठून मुलं येतात आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन वर्षं काढतात. त्यांतली आपली दहा-बारा मराठी मुलं-मुली रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात जमतात आणि पेपरातला एखादा आर्थिक विषय घेऊन भांडतात. मी बीई, कोड लिहून पोट भरणारा माणूस. माझं काम एक्सेल उघडून देणं आणि पोहे संपायच्या आत चर्चा सुरू करणं.

तर "कुणाचं" या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही दोन रविवार घालवले. महागाईचा आकडा म्हणजे एक मोठी टोपली. देशातली कुटुंबं कशावर किती खर्च करतात याची पाहणी होते आणि त्यावरून प्रत्येक वस्तूचं वजन ठरतं. ऑक्टोबरचा आकडा ज्या टोपलीतून आला, ती 2011-12 च्या पाहणीवर बांधलेली. तिच्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन जवळजवळ 46 टक्के. शिक्षणाचं साडेचार टक्क्यांच्या आत. आता त्या ऑक्टोबरात खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त होत्या, आणि त्याचं एक कारण असं की ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या भयंकर महाग होत्या. उंचावरून मोजायला सुरुवात केली की खाली आल्यासारखं वाटणारच. अर्धी टोपली उतरली, आकडाही उतरला. पण खाणं आणि इंधन बाजूला काढलं तर उरलेली महागाई तेव्हाही चार टक्क्यांच्या वर होती, आणि तिच्यातही सोन्याचा वाटा मोठा. (सोन्याने माझ्या खोलीचं काय बिघडवलं, असं एकाने विचारलं. काही नाही. पण लग्न ठरलेल्या ताईचं बिघडवलं.)

मग आम्ही मुलांची टोपली काढली. एका मुलीचा खरा हिशेब देतो. गेल्या वर्षी महिन्याला खोली 4,500, मेस 3,000, क्लासची फी महिन्यात वाटून 4,000, मोबाईल 400, येणं-जाणं 600, पुस्तकं आणि झेरॉक्स 500, बाकी किरकोळ 1,000. एकूण 14,000. या वर्षी तेच सगळं 15,300. वाढ सव्वानऊ टक्क्यांहून थोडी जास्त. खोली आणि क्लास मिळून तिचा साठ टक्के खर्च होतो, आणि वाढलेल्या 1,300 पैकी 1,000 या दोनच गोष्टींचे आहेत.

आकडा खोटा आहे का? नाही. आम्हा कोडवाल्यांना हे रोज दिसतं. सर्व्हरचा सरासरी प्रतिसाद-वेळ उत्तम असतो आणि तरी शंभरातला एक ग्राहक फोनवर शिव्या देत असतो. दोघेही खरं बोलत असतात.

मेसचं कोडं मात्र मुलांना जास्त छळत होतं. भाजी स्वस्त झाली तर डबा महाग का? काकूंनाच विचारून आले. त्यांचं म्हणणं साधं: ताटातली भाजी हा खर्चाचा लहान भाग. पोळ्या करणाऱ्या दोन बायकांचा पगार वाढला, जागेचं भाडं वाढलं, तेल उतरलं नाही. आणि भाजी काय, आज स्वस्त आहे, पावसाळ्यात दुप्पट होईल. तेव्हा काय दर महिन्याला नवा दर सांगू? मला हे कुठल्याही पुस्तकापेक्षा बरं स्पष्टीकरण वाटलं.

दुसरी एक गोष्ट तक्त्यातून निघाली, जी मला स्वतःला नवीन होती. 2023-24 च्या सरकारी पाहणीप्रमाणे शहरी भागात माणशी मासिक खर्च 6,996 रुपये. मुलं ओरडली, आमचा याच्या दुप्पट, मग आम्ही श्रीमंत? अर्थातच नाही. कुटुंबात आजी, शाळकरी भाऊ, सगळे मिळून डोकी मोजली जातात, एक फ्रीज पाच जणांत वाटला जातो आणि स्वतःचं घर असेल तर भाडं खिशातून जातच नाही. एकटं राहणाऱ्या विद्यार्थ्याला वाटून घ्यायला कुणी नसतं. शिकणारी मुलं घरच्या खर्चात बसत होती तोवर हा फरक कळत नव्हता. घराबाहेर पडली की कळतो.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा वह्या-पेन्सिलींवरचा कर शून्य झाला. छान झालं. पण क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी होता, तो तसाच आहे. वहीवर वर्षाला किती वाचले आणि फीवर किती गेले हे गणित मुलांनी पाच मिनिटांत मांडलं, आणि मग पुढची वीस मिनिटं क्लासवर कर असावा की नसावा यावर वाद. एक जण म्हणाला, क्लास म्हणजे शाळा नव्हे, धंदा आहे, कर हवाच. दुसरी म्हणाली, धंदा त्यांचा, कर मात्र माझ्या वडिलांचा. यात मी तिच्या बाजूचा आहे.

खरी ठिणगी पडली ती व्याजदरावरून. रिझर्व्ह बँकेला 2016 पासून महागाई 4 टक्क्यांजवळ, फार तर 2 ते 6 च्या पट्ट्यात ठेवायचं काम कायद्याने दिलेलं आहे. महागाई उतरली म्हणून 2025 मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. आमच्यातल्या एकाचं दहा लाखांचं शैक्षणिक कर्ज रेपोशी जोडलेलं आहे. कपात पूर्ण पोचली तर त्याचं वर्षाचं व्याज साडेबारा हजारांनी कमी. तो खूश. त्याच्या शेजारी बसलेला देवासजवळच्या गावचा मुलगा गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझे साडेबारा हजार आमच्या कांद्यातून आलेत."

त्याच्या वडिलांनी त्या हिवाळ्यात चोइथराम मंडीत कांदा विकला तेव्हा पिकअपचं भाडं आणि हमाली जाऊन हातात जे आलं, त्यात त्याचा मेसचा एक महिनाही निघत नव्हता. क्लासचा दुसरा हप्ता त्यांनी सोसायटीतून उचल घेऊन भरला. म्हणजे ज्या आकड्याचं सगळीकडे कौतुक झालं, तो आकडा त्याच्या घरी कर्ज होऊन आला. मी त्या वेळी काहीच बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंही.

आता यातला मोठा वाद. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालाने असं सुचवलं होतं की महागाईचं लक्ष्य ठरवताना खाद्यपदार्थ वगळण्याचा विचार करावा. कारण पटण्यासारखं आहे: पाऊस गेला म्हणून टोमॅटो महागला तर व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही. सीए करणाऱ्या मुलीला हे पूर्ण मान्य. देवासवाल्याचा मुद्दा वेगळा. तो म्हणाला, खाणं टोपलीत असो वा नसो, भाव चढला की सरकार घाबरतं आणि पडला की कुणी घाबरत नाही. डिसेंबर 2023 ते मे 2024 कांद्याची निर्यात बंद होती. त्यानंतरही निर्यातशुल्क राहिलं, ते 1 एप्रिल 2025 ला गेलं. नाशिक-लासलगावचे नातेवाईक असलेल्यांना हे सांगायला नको. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाकडे वळलं की बंदी उठल्यावर लगेच परत येत नाही.

माझं मत विचाराल तर खाणं वगळू नये. गावात आजही घरखर्चाचा 47 टक्के भाग खाण्यावर जातो, शहरात सुमारे 40. लोक ज्यावर सर्वांत जास्त पैसे घालतात तेच मोजायचं नाही, हे मला पटत नाही. उद्या भाजी तिप्पट झाली आणि बँक म्हणाली की महागाई आटोक्यात आहे, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवेल? पण देवासवाल्याच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. व्याजदराची समिती त्याच्या बापाच्या कांद्यासाठी नाही, आणि ज्या खात्यांनी त्याचं बघायचं ती भाव चढल्यावरच जागी होतात.

यंदा फेब्रुवारीपासून नवी टोपली आली आहे, पायाभूत वर्ष 2024. खाद्यपदार्थांचं वजन आता 37 टक्क्यांच्या आसपास आहे, गावातलं घरभाडंही मोजलं जातं, आणि डीव्हीडी प्लेयर, टेपरेकॉर्डर वगैरे मंडळी अखेर निवृत्त झाली. यापुढे कांदा पडल्याने आकडा पूर्वीइतका कोसळणार नाही आणि चढल्याने तितका उसळणारही नाही. भंवरकुआच्या खोलीला मात्र तिथेही तिचं पूर्ण वजन मिळायचं नाही.

आमच्या तक्त्यात आता एक रकाना वाढवला आहे: घरून दरमहा येणारे पैसे, गेल्या वर्षी आणि या वर्षी. देवासवाल्यानेच तो सुचवला. त्याच्या घरी या वेळी अर्ध्या रानात लसूण आहे. बडोदा, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर, जिथे कुठे तुम्ही घराबाहेर राहून शिकत असाल, तुमचा तक्ता मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. नाव नको, शहर आणि आकडे पुरेत. खोली, मेस, क्लास वेगवेगळे लिहा, आणि मेस महागली असेल तर काकूंना कारण विचारायला विसरू नका.