हजार विड्यांची मजुरी

नाशिकहून पुण्यास जाताना लागणारे सिन्नर गाव विडीच्या धंद्याकरिता पूर्वापार प्रसिद्ध आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या माउलीस रोज मिळत नाही. दरहजारी मजुरी मिळते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने ज्या धंद्यांस प्रथम हात घातला, त्यांत विडीचे कारखाने होते. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी वळणाऱ्या स्त्रियाही आल्या. महागाईप्रमाणे विशेष भत्ताही वाढतो; हे योग्यच होय.

परंतु दर सरकारचा असला, तरी मोजणी दुसऱ्याच्या हाती असते! ‘छाट’ म्हणून बाजूस काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. हजारांत शंभर छाट निघाल्या, की तोच दर शेकडा दहांनी उतरला. विद्यार्थिमित्रहो, हा हिशेब पाचवीच्या मुलास येतो. ज्याच्या घरी विड्या वळतात, त्याने तो आईस मांडून द्यावा.

मजुरी वाढल्यास धंदा परप्रांती जाईल, असे कित्येक म्हणतात. ही भीती अगदीच पोकळ नव्हे. किमान वेतनाहून कमी देऊन करविलेले काम ही वेठबिगारच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. तथापि असला धंदा बुडाला तरी बेहत्तर, असे आम्हांस म्हणवत नाही. त्यावर चुली पेटतात. केंद्राने तळाचा दर ठरवावा व कोणत्याही राज्याने त्याखाली जाऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आहे. ती नेटाने अमलात यावी, आणि छाटीची मोजणी वळणारीच्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.